परसातल्या कोंबड्या आणि रानातले पाहुणे

(इटियाडोह परिसरातल्या कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)

समोर बायका जास्त दिसताहेत, हे फार बरं झालं. कारण कोंबड्यांचा विषय निघाला की बोलायला पुरुष उभे राहतात आणि संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला मात्र बाईच उठते. (हशा)

या भागात फिरताना मी एक प्रश्न हमखास विचारतो. वर्षभरात तुमच्या किती कोंबड्या गेल्या, आणि कोणी नेल्या? उत्तर ठरलेलं असतं. रानमांजराने नेली, मुंगसाने नेली, पिल्लं शिक्र्याने उचलली, हल्ली बिबट्याचंही नाव येतं. प्रत्येकीची तारीख लक्षात असते. कुठल्या सणाच्या आदल्या रात्री, कोणत्या रंगाची, अंड्यावर बसलेली होती की नव्हती, सगळं. मग मी हळूच विचारतो, आणि मानमोडीने किती गेल्या? त्यावर क्षणभर शांतता. "त्या तर सगळ्याच गेल्या, डॉक्टर."

बघा, एक गेली ती लक्षात आहे आणि वीस गेल्या त्याचा हिशेब नाही. कारण रानमांजराला दोष देता येतो, मानमोडीला कोणाचं तोंड नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. परसात येणारं जनावर शत्रू म्हणून येत नाही. आपण काहीतरी उघडं टाकलेलं असतं, म्हणून ते येतं. काय उघडं आहे ते ओळखलं, तर कोंबडीही वाचते आणि जनावरही.

आधी थोडं मागे जाऊ. आपली कोंबडी मुळात कोण? ती स्वतःच रानातून आलेली पाहुणी आहे. लाल रानकोंबडा हा तिचा मूळ पुरुष. आपल्याकडे दक्षिणेत आणि पश्चिमेत आढळतो तो राखी रानकोंबडा वेगळा, पण त्याचंही थोडं रक्त तिच्यात आहे. बऱ्याच पाळीव कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली जनुकांच्या तपासणीतून दिसलं. मध्य भारतात या दोन्ही रानकोंबड्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. म्हणजे कोंबडीच्या दोन्ही आजोळांच्या मधोमध आपण राहतो म्हणा ना.

आता ही रानकोंबडी माणसाकडे आली कशी? २०२२ साली संशोधकांनी ८९ देशांतल्या सहाशेहून अधिक ठिकाणी सापडलेली कोंबड्यांची हाडं पुन्हा तपासली. कोंबडी आठ-दहा हजार वर्षांपूर्वी पाळली गेली असं पूर्वी सांगत. त्यांना खात्रीची सर्वांत जुनी हाडं सापडली ती थायलंडमधल्या बान नोन वाट या ठिकाणची, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानची. आणि कारण काय निघालं? धान. पावसावरच्या धानाची आणि भरडधान्याची शेती सुरू झाली, दाणे सांडू लागले, आणि रानकोंबड्या जंगलाच्या कडेने शेताकडे उतरल्या. कोणी त्यांना पकडून आणल्या असंच मानायची गरज नाही, दाण्याने त्या ओढल्या गेल्या.

हे मी इथे मुद्दाम सांगतो. इटियाडोहचं धरण गाढवी नदीवर १९७० साली पूर्ण झालं आणि त्याच्या कालव्यांवर गोंदिया, भंडारा, गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांतलं धान पिकतं. त्याच्याही कितीतरी आधीपासून नवेगावचा बांध आणि कोहळी लोकांनी बांधलेले तलाव आहेतच. मग ज्या वर्षी उन्हाळ्यात पाणी सुटतं त्या वर्षी खरीप आणि उन्हाळी असं दोनदा धान. म्हणजे दाणा, तणस आणि ओलावा बाराही महिने. जी गोष्ट तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी रानकोंबडीला खाली घेऊन आली, तीच आज उंदराला आणते. उंदरामागे साप येतो, साप-उंदरामागे मुंगूस, रानमांजर, घोरपड. आणि एका बाजूला नवेगाव-नागझिरा, ज्याला डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जंगल, तलाव, धान आणि सांदवाडी यांच्यामध्ये इथे भिंत नाहीच.

तर पाहुणे कोण कोण, आणि त्यांची वेळ कोणती. हे पाठ असलं पाहिजे, कारण वेळेवरून चोर निम्मा ओळखू येतो.

दिवसाढवळ्या पिल्लू गेलं, आवाज झाला आणि खाली दोन पिसं सुद्धा नाहीत, तर वर बघा. शिक्रा हा लहान पक्षी, कबुतराएवढा, पण चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू त्याला झेपतं. घार मोठी दिसते म्हणून लोक तिला घाबरतात. तीही पिल्लं उचलते, पण तिचं जास्त लक्ष मेलेल्या, टाकलेल्या गोष्टींवर. सकाळी किंवा दुपारी एकाच वेळी दोन-तीन पिल्लं मारून पडलेली, मानेला आणि डोक्याला चावे, तर मुंगूस. मुंगूस रात्री फिरत नाही, हे लक्षात ठेवा. रात्रीच्या घटनेसाठी त्याच्या नावाने बोटं मोडू नका. अंडं गायब आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर गिळणारा कोणीतरी आला होता, नाग किंवा घोरपड. टरफल फुटून पसरलेलं असेल तर मुंगूस, कावळा, उंदीर किंवा आपलीच एखादी सवय लागलेली कोंबडी. मोठी कोंबडी तिन्हीसांजेला किंवा भल्या पहाटे अख्खी उचललेली, कुंपणापर्यंत पिसांची रेघ, तर कोल्हा किंवा रानमांजर. मध्यरात्री खुराड्याच्या आत शिरून मारलेली असेल तर जवादी मांजर, रानमांजर, आणि दारच मोडलेलं असेल तर मग बिबट्याचा विचार करा. गावातलं मोकाट कुत्रं मात्र कुठल्याही वेळेला. कुत्र्याने मारलेल्या कित्येक कोंबड्या रानमांजराच्या खात्यावर लिहिल्या जातात, हे माझं अनुभवाचं मत आहे.

आणि तुमच्याकडे एक पहारेकरी फुकट आहे, त्याचं ऐका. कोंबडा दोन वेगळ्या धोक्यांना दोन वेगळे आवाज काढतो. वरून शिकारी पक्षी आला तर लांब, बारीक आवाज, आणि पिल्लं-कोंबड्या जागच्या जागी दबून बसतात. खालून जनावर आलं तर तुटक-तुटक कॉक्-कॉक् असा गलका, आणि सगळ्या माना वर करून उभ्या. पीटर मार्लर आणि ख्रिस एव्हान्स या शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना पडद्यावर नुसती चित्रं दाखवून हे तपासलं, १९९३ साली ते प्रसिद्ध झालं. इथल्या म्हाताऱ्या बायांना हे आधीपासून माहीत आहे. चुलीपुढून न उठता त्या सांगतात, "वर काहीतरी आहे, डालगं टाक पिल्लांवर."

आता मुख्य मुद्दा. हे येतात का?

पहिलं कारण ऐकायला बरं वाटणार नाही. मानमोडी येते, म्हणजे पुस्तकातला राणीखेत रोग. कोंबड्या मान वाकडी करून, हिरवट हगवण लागून पटापट मरतात. मग काय करतो आपण? मेलेली कोंबडी उचलतो आणि गावाबाहेर, नाल्यात, बांधाच्या पलीकडे फेकतो. पहिल्या रात्री कोल्हा येतो. दुसऱ्या रात्री पुन्हा येतो. आठ दिवस त्याला बसल्या जागी जेवण मिळतं. नवव्या दिवशी नाल्यात काही नसतं, पण वास त्याच दिशेने येतो, तुमच्या सांदवाडीकडून. त्याला गावाची वाट आपणच दाखवली. मेलेली कोंबडी दोन-तीन फूट खोल पुरायची, वर चुना टाकायचा, चुना नसेल तर राख आणि काटेरी फांद्या. एवढं एक काम साऱ्या गावाने केलं तर निम्मे रात्रीचे पाहुणे कमी होतील, असं मी धाडसाने म्हणतो.

आणि पुरायची वेळच येऊ नये म्हणून लस. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचायची. सगळ्यांना ठाऊक आहे, तरी होत का नाही? कारण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि तुमच्याकडे पंधरा कोंबड्या. कुपी फोडली, द्रावण केलं की दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून. एकट्या घराला हे परवडत नाही, जमतही नाही. म्हणून दहा घरांनी एक दिवस ठरवायचा, पहाटे, कोंबड्या सोडायच्या आधी. एकीने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची, बाकीच्यांनी कोंबड्या डालग्याखाली धरून ठेवायच्या. बचत गटाची बैठक जशी ठरते तशी ही ठरवा. उन्हाळा कडक व्हायच्या आधी एकदा झालीच पाहिजे.

दुसरं कारण, तणस आणि दाणा. धानाचं पुंजणं किंवा तणसाचा ढीग घराला लागून, त्याच्या बुडाशी खुराडं, आणि खुराड्याच्या भिंतीला लागून झोपायची खोली. ही मांडणी मी किती घरांत पाहिली असेल! तणसात उंदीर, उंदरामागे नाग आणि मण्यार. कोंबड्यांना टाकलेला कोंडा-कणी रात्री तसाच पडलेला, म्हणून उंदरांना मेजवानी. इथे प्रश्न कोंबडीचा राहत नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक खेड्यातली. मण्यार तर रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याची खूणही नीट दिसत नाही. म्हणून खुराडं झोपायच्या भिंतीपासून दूर. दाणा टाकायचा तो अर्ध्या तासात संपेल एवढाच. अंडी दुपारपर्यंत गोळा करायची. आणि रात्री खुराड्यात गडबड ऐकू आली तर आधी उजेड, मग चप्पल, मग पाऊल. हात घालून अंडी चाचपणं तर अजिबात नको.

तिसरं कारण म्हणजे दार. यात माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला क्वार्टरच्या मागे मी हौसेने कोंबड्या पाळल्या. बाजारातून षटकोनी छिद्रांची ती पातळ 'कोंबडीची जाळी' आणली, चौकटीला ठोकली आणि निवांत झोपलो. सकाळी अकरा पिल्लांपैकी चार उरली होती. जाळी फाटलेली नव्हती. रानमांजराने बाहेर बसून पंजा आत घातला होता आणि घाबरून जाळीला चिकटलेलं एकेक पिल्लू ओढून घेतलं होतं. त्या दिवशी मला कळलं की ती जाळी कोंबडी आत ठेवायला असते, मांजर बाहेर ठेवायला नसते. अर्ध्या इंचाची जाड वेल्ड केलेली जाळी लागते. महाग पडते, म्हणून सगळीकडे नको, फक्त खिडकीएवढ्या जागेला. बाकी भिंत बांबूच्या तट्ट्याची, आतून-बाहेरून लिंपलेली चालते. खुराडं जमिनीपासून अडीच-तीन फूट वर, चार खांबांवर. खांबांना पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळला की उंदीर चढत नाही. जमिनीवरच करायचं असेल तर जाळी फूटभर खोल गाडा, मुंगूस उकरतं. आत बसायला दांडी हवीच, भिंतीपासून हातभर आत, म्हणजे पंजा पोहोचत नाही. आणि दाराला कडी. सुतळी नको, दगड टेकवून ठेवणं नको.

परस कसा असावा, हाही एक पेच आहे. अगदी स्वच्छ, मोकळं अंगण असेल तर शिक्र्याला सोपं जातं. झाडी दाट असेल तर रानमांजराला लपायला जागा. मला जमलेला मार्ग असा: झुडपं मधोमध ठेवायची, तूर, एरंडी, एखादं लिंबाचं झाड, त्याखाली पिल्लं पळून शिरतील अशी. कुंपणाच्या कडेने मात्र दोन-तीन हात पट्टा साफ. आणि परसाजवळच्या झाडावर कोतवालाचं घरटं असेल तर हात लावू नका. घारीला, कावळ्याला, शिक्र्याला तो असा पिटाळतो की बघत राहावं.

आता एका पाहुण्याबद्दल थोडं जपून बोलतो. हिवाळ्यात इटियाडोहच्या जलाशयावर, नवेगावबांधला बदकं उतरतात, त्यांतली काही दूर उत्तरेकडून. आणि बर्ड फ्लूची बातमी आली की सगळे बोट दाखवतात या बदकांकडे. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. पाणपक्ष्यांच्या विष्ठेतून विषाणू पसरतो हे खरं आहे. पण ज्या घातक वाणाने जगभर हाहाकार केला, त्याचा माग १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांपर्यंत जातो. म्हणजे रोग पाळीवाकडून रानाकडेही गेला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच-फाइव्ह-एन-वन निघाला, आणि कोंबडीच्या मांसातून तो गेला असावा असा संशय घेतला गेला. नाल्यात फेकलेल्या मेलेल्या कोंबडीबद्दल मी एवढा का बोललो, ते आता लक्षात आलं असेल.

तेव्हा हिवाळ्यात कोंबड्या तलावाच्या काठावर चरायला जाऊ देऊ नका. पिण्याचं पाणी झाकलेल्या भांड्यात, छपराखाली. काठावर मेलेला पक्षी दिसला तर उचलू नका, कोंबड्यांना घालू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एकदम पाच-सात कोंबड्या मेल्या तरी कळवा. मारून टाकतील म्हणून लोक लपवतात, ही भीती मला समजते. पण लपवून विकलेली कोंबडी शेजारच्या गावात रोग नेते.

राहिला राग. कोंबडी गेली की घरात संताप होतो आणि तो खरा असतो. बाजाराच्या दिवशी एक कोंबडा विकून बाई मुलाची वही-पुस्तकं आणते, दवाखान्याचं भागवते, त्यासाठी नवऱ्याला विचारावं लागत नाही. तो पैसा तिचा असतो. गाय-बैल, म्हैस, शेळी वाघ-बिबट्याने मारली तर पंचनामा होऊन भरपाई मिळण्याची सोय आहे, एका कोंबडीसाठी तेवढी धावपळ कोण करणार? मग कोणीतरी सांगतं, मेलेल्या कोंबडीला औषध लावून ठेव. किंवा कुंपणाला तार जोडून वीज सोड. मंडळी, औषध लावलेली कोंबडी रानमांजर खाईलच असं नाही, शेजाऱ्याचं कुत्रं खाईल, घार खाईल. आणि विजेच्या तारेने माणसं मेली आहेत, अंधारात शेतावर गेलेली, स्वतःच्याच घरातली. मुंगूस, कोल्हा, रानमांजर, घोरपड, नाग, धामण हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, तुरुंग होऊ शकतो. पण मी कायद्याची भीती घालायला आलो नाही. माझा साधा हिशेब आहे. रानमांजराचं रोजचं खाणं म्हणजे उंदीर. वर्षभर ते तुमच्या धानाची राखण करतं आणि एखाद्या संध्याकाळी दार उघडं सापडलं तर कोंबडी नेतं. त्याला मारलंत तर कोंबडी परत येत नाही, उंदीर मात्र वाढतात, आणि उंदरांमागे काय येतं ते आत्ताच बोललो.

काही प्रश्न आलेत, तेवढे घेतो.

"आमच्याकडे पांढऱ्या कोंबड्याच आधी जातात. असं का?" दिसतात म्हणून. देशी कोंबडीचा तपकिरी-ठिपक्यांचा रंग पालापाचोळ्यात मिसळतो, आणि ती अंगाने हलकी असल्यामुळे भर्रकन झाडावर चढते. वनराज, गिरिराज या जाती अंगाने भारी, त्यांना उडता येत नाही. त्या वाईट नाहीत, अंडी जास्त देतात, पण त्यांना मोकळं सोडायचं तर राखण जास्त लागते. आणि खुडूक होऊन अंडी उबवायला देशीच बरी. मी तर सांगेन, पाळायच्या असतील तर दोन्ही ठेवा, आणि उबवायला देशीखाली बसवा.

"बिबट्या आला तर काय करायचं?" दार उघडून बाहेर जायचं नाही. आतूनच भांडी वाजवा, ओरडा, शेजाऱ्याला फोन करा. काठी घेऊन धावणारा माणूस बिबट्याला कोंडीत पकडतो आणि तिथेच अपघात होतो. सकाळी वनरक्षकाला पायाचे ठसे दाखवा, ते पुसू नका. खुराड्यापाशी कुत्रं बांधून ठेवू नका, बिबट्याला कोंबडीपेक्षा कुत्रं जास्त आवडतं.

"आमच्या कोंबड्या झाडावरच बसतात, खुराड्यात येतच नाहीत." हो, ती त्यांची रानातली सवय आहे. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, म्हणून उजेड असतानाच ती उंच जागा शोधते. तिला खुराड्यात उंच दांडी मिळाली तर ती येते. दहा-पंधरा दिवस रोज त्याच वेळी, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, खुराड्याच्या आत मूठभर कणी टाका आणि एकच ठरावीक हाक द्या. हाक बदलू नका, माणूसही शक्यतो बदलू नका. एखाद-दुसरी तरी झाडावर राहीलच. तिच्यामागे उजेडात धावू नका, ती उलट वरच्या फांदीवर जाईल. अंधार पडू द्या. मग बॅटरीने खालचं गवत नीट बघून घ्या, शिडी लावा, दोन्ही हातांनी पंख धरून तिला उतरवा आणि सरळ दांडीवर ठेवा. ती हूं की चूं करत नाही.